लग्नाचा परकर आणि घरचा रंग

मैत्रिणींनो, लग्नसराईत शालू दुकानात मिळतो, पण त्याच्या आतला परकर मनासारख्या रंगाचा मिळेलच असं नाही. मग पांढरं पॉपलीन आणायचं, परकर शिवायचा आणि रंगाची पुडी आणून घरीच तो राणी किंवा शेंदरी करायचा. आपल्यातल्या पुष्कळजणींनी हे केलंय. ही पुडी घरात आली कशी, आणि तिच्याआधी आपल्या आज्या-पणज्या काय करत, ते आज बोलू.

आधी परकराचंच बघू. नऊवारी लुगड्याला परकर लागत नसे, कासोटा घातला की झालं. परकर होता लहान मुलींचा, वर पोलकं आणि खाली परकर. लग्न झालं की तो सुटायचा आणि लुगडं यायचं. पुढं गोल साडी आली, शहरात आधी आणि गावात मागाहून, तेव्हा बायकांनी परकर पुन्हा अंगावर घेतला, पण साडीच्या आत. म्हणजे नवरीचा परकर काही फार जुना नाही. लग्नाचं कापड घरी रंगवणं मात्र जुनं आहे.

त्या रंगवण्यात एक वाटणी होती. टिकायचा रंग रंगाऱ्याकडे, सणासमारंभाचा रंग घरात. लाल रंग आलीच्या मुळ्यांपासून निघे. झाड दोन-तीन वर्षं वाढवून मुळ्या खणायच्या, कापडाला तुरटी द्यायची, मग शिजवायचं. निळीचं पिंप आंबवून जिवंत ठेवायचं काम निळाऱ्याचं. कितीतरी गावांत अजून रंगार गल्ली आहे, रंगारी नसला तरी. घरच्या बाईच्या हातात होती हळद, पळसाची फुलं आणि कुसुंबा.

हळदीला तुरटी लागत नाही, पाण्यात कालवून कापड बुडवलं की पिवळं. पण ती उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. खार लागला की लाल होण्याच्या या गुणावरच कुंकू करायची जुनी रीत उभी आहे. नवरीचं पिवळं कापड हळदीचं असलं, तर ते वर्षभर तसंच राहावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

कुसुंबा म्हणजे आपल्या करडईच्या पाकळ्या. करडई आपण तेलासाठी ओळखतो, पण एके काळी तिच्या फुलाला रंगासाठी मोल होतं. त्या पाकळीत दोन रंग असतात, पिवळा आणि लाल. पाकळ्या पुरचुंडीत बांधून गार पाण्यात तुडवायच्या, पिवळं पाणी जाईपर्यंत. मग खाराच्या पाण्यात मळायच्या, म्हणजे आतला लाल सुटतो. त्यात लिंबू पिळलं की तो कापडावर बसतो. एकदा बुडवलं तर गुलाबी, पुन्हापुन्हा बुडवलं तर लालभडक. लाल रंग पाकळीत शंभरात एक भागही नसतो, त्यामुळे एका लुगड्याला ढीगभर फुलं लागत, आणि काटेरी झाडावरून ती वेचायची बायकांनीच. (फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली, पण तोवर हा रंगाचा धंदा कधीच बसला होता.)

तो बसला दूरवरच्या शोधांमुळे. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनीन करायला बसला आणि डांबरातल्या द्रव्यातून जांभळा रंग हाती लागला. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेतला लाल रंग कृत्रिम तयार झाला, आणि आपल्या आलीच्या शेतीवर पाणी पडलं. तरी हे पहिले डांबरी रंग रेशमावर, लोकरीवर चांगले बसत, सुती कापडाला आधी वेगळी तयारी लागे. १८८४ मध्ये काँगो रेड नावाचा लाल रंग निघाला. तो गरम पाण्यात मिठासोबत टाकला की सुतावर सरळ चढे. चुलीवरच्या पातेल्यात सूत रंगवणारी आपली पुडी ही त्याच जातीच्या रंगांची.

पुडीनं सोय केली, हे कबूल करायलाच हवं. ढीगभर फुलं वेचणाऱ्या बाईला दोन चमचे पूड म्हणजे सुटकाच होती. पण काँगो रेड ज्या बेंझिडीनपासून बनतो, त्यानं रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे पुढं उघड झालं. जर्मनीनं १९९४ मध्ये असल्या रंगांच्या कपड्यांवर बंदी आणली आणि १९९७ मध्ये आपल्या केंद्र सरकारनंही असे कित्येक रंग हाताळायला मनाई केली. बिननावाच्या सुट्या पुडीत काय आहे, ते आपल्याला बघून कळत नाही. म्हणून नाव-पत्ता छापलेलीच पुडी घ्यावी. हातमोजे घालावेत, पूड वाऱ्यावर उडवू नये, आणि रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. यात आम्ही कुणाचं ऐकणार नाही, पातेलं कितीही चांगलं असो.

आणखी एक गोष्ट. पुडीचा रंग पक्का दिसतो, पण हळदीसारखाच तोही सुटतो, फक्त सावकाश. परकर सुतीच हवा, टेरिकॉटवर हा रंग चढत नाही. नवं कापड आधी धुऊन खळ काढावी, मीठ घालून रंगवावं आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळावं. वाळल्यावर पांढरी चिंधी ओली करून परकरावर जोरात घासावी. चिंधी रंगली तर तो परकर पिवळ्या शालूच्या आत नको. घामानं शालूच्या निऱ्या लाल होतील, आणि तो डाग हळदीसारखा उन्हात उडत नाही.