भोकरदनचा हस्तिदंत आणि पॉम्पेईची यक्षी

इटलीतील पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घराच्या उत्खननात मायुरी या संशोधकाला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंस दोन छोट्या दासी. ती भारतीय आहे हे उघड होते. तिला 'लक्ष्मी' हे नाव चिकटले खरे, पण हातात कमळ नाही, शेजारी हत्ती नाहीत. यक्षी म्हणणे अधिक सयुक्तिक. तिच्या डोक्यात वरून खोल भोक आहे. म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. देव्हाऱ्यातली नव्हे, घरातल्या वापरातली वस्तू!

ती घडली कोठे? आरंभी मथुरेचे नाव घेतले गेले. पुढे १९७३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केले. तेथील सातवाहनकालीन थरांत याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तींचे अवशेष मिळाले. तेरलाही तशी एक मूर्ती आहे. त्यावरून म. के. ढवळीकरांनी पॉम्पेईच्या मूर्तीचे माहेर भोकरदनला असल्याचे मत मांडले. वाटही जुळते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथानुसार पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जाई, आणि भडोचहून निर्यात होणाऱ्या जिनसांत हस्तिदंत आहे.

मग अडचण कोठे? मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि ही लिपी वायव्य भारतातील. अर्थात अक्षर वाटेतल्या व्यापाऱ्यानेही कोरले असेल. माझ्या मते खरी अडचण साम्याच्याच पुराव्यात आहे. सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत आणि तेथील दक्षिण तोरणावरील काही शिल्पे विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्यांनी, केल्याची नोंद आहे. दाते आणि कारागीर असे गावोगाव जोडलेले असतील, तर घडणही त्यांच्याबरोबर फिरणारच.

येथे प्रयोगशाळा काय करू शकेल? हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात, हस्तिदंतात नसतात. म्हणून तो गुळगुळीत कोरला जातो. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तीवरून हत्तीचा दात आणि हाड यांतला फरक सहज ओळखू येतो. हत्तीच्या चाऱ्यातून मातीतले स्ट्रॉन्शियम दातात उतरते, आणि त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. पण यातून कळेल ते हत्ती कोठे चरला, एवढेच. कोरणाऱ्याचे गाव कळायला अर्धवट कोरलेले तुकडे आणि कापून टाकलेले छाट अधिक उपयोगी. तयार वस्तू समुद्रापार जाते; बिघडलेला तुकडा बहुधा कारखान्याच्या उकिरड्यावरच राहतो.