डॉक्टरांचा छापील तक्ता: गडचिरोलीकडून शिकण्यासारखं

"डॉक्टर, सगळ्यांना तेच तेच प्रश्न विचारता आणि कागदावर खुणा करता. मग आम्हाला तपासता कधी?" मागच्या आठवड्यात एका आजोबांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्याला तीसेक वर्षं मागे, गडचिरोलीला जावं लागेल.

तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था काम करते. त्या काळी बाळंतपणं बहुतेक घरीच होत आणि दवाखाना दूर असे. १९९५ मध्ये 'सर्च'ने ३९ गावांत, गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळ तपासायला शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या हातात छापील नोंदपत्रक असे. बाळाचं रडणं क्षीण झालं का? दूध ओढणं कमी झालं का? अंग गार किंवा गरम लागतं का? बेंबीतून पू येतो का? अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या, की जंतुसंसर्ग धरून आईवडिलांच्या संमतीने अँटिबायोटिक सुरू होई.

१९९७-९८ मध्ये या गावांत दर हजार जन्मांमागे २५.५ नवजात बाळं दगावली; हा उपक्रम नसलेल्या गावांत ५९.६. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी येऊन बाळ तपासतात आणि पत्रक भरतात, ते याच वाटेने.

हे नुसत्या कागदाने झालं नाही. प्रत्येक खूण बाळाला हात लावून, बघूनच भरायची होती. डॉक्टरही गावात येऊन नोंदी तपासत.

आमच्या कॉम्प्युटरमधला तक्ता मात्र काही रकाने आपणच भरून टाकतो. एका बाईंच्या केसपेपरवर 'औषधाची ॲलर्जी: नाही' असं आधीच आलेलं होतं. मी न विचारता पुढे गेलो. चिठ्ठी हातात घेतल्यावर त्याच म्हणाल्या, "पेनिसिलिनने माझ्या अंगावर गांधी उठतात." चूक माझी होती. तेव्हापासून तो रकाना मी कोरा ठेवतो आणि विचारूनच भरतो.

म्हणून आजोबांना सांगितलं: तेच प्रश्न विचारतो, कारण घाईत नेमकं महत्त्वाचंच विसरतं. पण उत्तर तुमचंच हवं. केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड मिळालं की ॲलर्जी, चालू औषधं आणि जुने आजार एवढं तरी वाचून बघा. चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा. त्यात संकोच नको.