मातृविहीन मांजरपिल्लाचे संगोपन

आई मरण पावल्यामुळे, हरवल्यामुळे अथवा तिने टाकून दिल्यामुळे निराधार झालेल्या मांजराच्या नवजात पिल्लाला माणसाने ऊब, दूध व स्वच्छता पुरवून वाढवणे, यास मातृविहीन मांजरपिल्लाचे संगोपन म्हणतात. जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. डोळे मिटलेले व कान बंद असतात. डोळे साधारणतः ७ ते १४ दिवसांत उघडतात. या काळात पिल्लू दगावण्यामागे उपासमारीइतकेच गारठा आणि चुकीच्या पद्धतीने पाजलेले दूध हेही कारण असते.

== पिल्लू खरोखर पोरके आहे काय? ==

मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. सात हा आकडा सोडला, तरी त्यामागील निरीक्षण खरे आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजरी एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे नेते. (वैष्णव तत्त्वचिंतनातील शरणागतीचा ‘मार्जारकिशोर न्याय’ याच दृश्यावर बेतलेला आहे.) या स्थलांतरात एखादे पिल्लू काही काळ एकटे राहते, शिवाय आई भक्ष्य शोधण्यासाठीही दूर जाते. म्हणून माळ्यावर किंवा कडब्याच्या गंजीत पिल्लू दिसताच उचलून आणणे योग्य नव्हे. पिल्लू गुबगुबीत, उबदार व शांत असेल, तर आई येत असल्याची ती खूण होय. अशा वेळी लांबून काही तास लक्ष ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून मांजरी पिल्लू टाकून देते, हा समज निराधार आहे. पिल्लू थंडगार पडलेले, सुकलेले किंवा सतत ओरडणारे असल्यास मात्र थांबू नये.

== ऊब ==

पहिले सुमारे ३ आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात भोवतालचे तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावे लागते. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्याच्या रात्री तो कधीकधी एक अंकी होतो. त्यामुळे ताडकळससारख्या गावात डिसेंबरात सापडलेल्या आणि मे महिन्यात सापडलेल्या पिल्लाची व्यवस्था सारखी असू शकत नाही. खोक्याच्या एका बाजूस कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी व दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे उकडल्यास पिल्लाला सरकता येते.

थंड पडलेल्या पिल्लाला प्रथम दूध पाजणे ही या विषयातील सर्वांत घातक चूक होय. गारठलेल्या शरीरात पचनक्रिया मंदावते, गिळण्याची शक्ती क्षीण होते आणि दूध फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. आधी हळूहळू ऊब द्यावी, नंतरच दूध.

== दूध ==

गाईच्या दुधात साधारण ३ ते ३.५ टक्के प्रथिने असतात. मांजरीच्या दुधात हे प्रमाण दुपटीहून अधिक असते. शिवाय गाईच्या दुधातील दुग्धशर्करेने पिल्लाला हगवण लागते, आणि एवढ्याशा देहाला पाण्याची ती तूट सोसत नाही. पाणी घालून पातळ केलेले दूध तर अधिकच निकस. मांजरपिल्लांसाठीची दूधभुकटी सर्वोत्तम. ती लहान गावात सहसा मिळत नाही, म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तात्पुरता पर्याय ठरवावा लागतो. ताडकळस परिसरासाठी परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय हे जवळचे केंद्र आहे. नुकतीच व्यालेली दुसरी मांजरी मिळाल्यास ती पुष्कळदा परके पिल्लू स्वीकारते. तसे झाल्यास याहून चांगला उपाय नाही.

दूध कोमट असावे. पिल्लाला बाळासारखे उताणे न धरता पालथेच ठेवून लहान निपलने किंवा सुईविरहित सिरिंजने थेंबथेंब पाजावे. दर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी ४ ते ५ मिलिलिटर पुरेसे होते. पहिल्या आठवड्यात दर २ ते ३ तासांनी, रात्रीदेखील, पाजावे लागते; पुढे अंतर वाढवता येते. नाकातून दूध आल्यास तत्काळ थांबावे.

== स्वच्छता व वाढ ==

नवजात पिल्लू आपणहून मलमूत्र विसर्जन करत नाही. आई चाटून ती प्रेरणा देते. तिच्याऐवजी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर तो भाग हलकेच पुसावा. पहिले ३ आठवडे हे काम चुकवून चालत नाही.

वजन रोज ठरावीक वेळी मोजावे. दिवसाला सुमारे १० ते १५ ग्रॅम वाढ अपेक्षित असते. वजन घटणे हा आजाराचा पहिला इशारा असतो. आईचा चीक न मिळालेल्या पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती दुर्बळ असल्याने त्याला इतर मांजरांपासून दूर ठेवतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करता येते. जंतनाशक व लस यांचे वेळापत्रक पशुवैद्यक ठरवतो. एकट्याने वाढलेल्या पिल्लाला चावा किती जोराने घ्यावा हे भावंडांकडून शिकता येत नाही, म्हणून त्याला हाताशी नव्हे तर खेळण्याशी खेळू द्यावे.

== रानातील पिल्ले ==

महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या वेळी फडात रानमांजर, वाघाटी किंवा बिबट्या यांची पिल्ले सापडतात. वाघाटीची ठिपकेदार पिल्ले बिबट्याची समजली जाण्याचे प्रकारही घडतात. ही पिल्ले बहुधा पोरकी नसतात. आई जवळपासच दडलेली असते. जुन्नर परिसरात अशी पिल्ले तपासून सापडल्या जागीच संध्याकाळी खोक्यात ठेवली जातात आणि आई रात्री त्यांना घेऊन जाते, असे अनेकदा झाले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ही पिल्ले घरी पाळता येत नाहीत. तोडणी थांबवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.