बोटभर पट्टीचा इतिहास

खोकला आला, शिंक आली, हंसूं आलें किंवा भरलेली घागर उचलली कीं लघवीचे थेंब गळावे, ही व्यथा असंख्य स्त्रिया निमूटपणें सोशीत आल्या आहेत. बाळंतपणांत मूत्रमार्गाखालचे स्नायु व बंध ताणून सैल पडतात. मग पोटांतला दाब एकाएकीं वाढला कीं तो मार्ग वेळेवर मिटत नाहीं. या व्यथेनें मृत्यु येत नाहीं. पण लग्नकार्यास जाण्याची, प्रवासाची, मैत्रिणींत मोकळेपणीं हंसण्याचीही भीति मनांत बसते. शिवाय ती कोणास सांगवत नाहीं. पुढें जें घडलें त्याचें अर्धें कारण या न सांगवण्यांतच आहे.

सैल मार्गाला खालून झोळीसारखा आधार द्यावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभींची. १९०७ सालीं इटलींतील जॉर्दानो यानें मांडीचा एक स्नायु वळवून मूत्रमार्गाभोंवतीं घेतला. १९१० मध्यें जर्मनींतील गोबेल यानें ओटीपोटाचा स्नायु त्याच कामीं लावला. १९४२ मध्यें अमेरिकेंतील ऑल्ड्रिज यानें पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरणाच्या दोन पट्ट्या खालीं उतरवून मूत्रमार्गाखालीं एकमेकींस शिवल्या. ही झोळी रोग्याच्याच देहांतली, म्हणून परकी नव्हे. पण पोट उघडावें लागे आणि अंथरुणांतून उठावयास दिवस लागत. १९४८ मध्यें केगेल या अमेरिकन वैद्यानें त्या स्नायूंचा व्यायाम सांगितला. त्याला शस्त्र लागत नाहीं, चिकाटी मात्र लागते.

१९९० मध्यें स्वीडनचे उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पेट्रोस यांनीं असें मत मांडलें कीं, आधार हवा तो मूत्रमार्गाच्या मध्यभागाखालीं, आणि तोही ताण न देतां. त्यासाठीं त्यांनीं पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम तंतूची जाळीदार, बोटभर रुंद पट्टी वापरली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेंत असली जाळी पूर्वींपासून वापरांत होतीच. नव्या शस्त्रक्रियेंत स्त्री शुद्धीवर असे. शस्त्रवैद्य तिला खोकावयास सांगे आणि थेंब थांबेपर्यंत पट्टी हलकेंच सारखी करी. काम सुमारें अर्ध्या तासाचें. १९९६ मध्यें ७५ स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ८४ टक्के पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. आरंभींच्या कांहीं रुग्णांची सतरा वर्षांनीं पुन्हां तपासणी झाली, तेव्हां तपासलेल्यांपैकीं दहांतील नऊ जणी कोरड्या आढळल्या. तेव्हां हा उपाय म्हणजे निव्वळ भोंदूपणा होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

अडचण दुसरीकडे होती. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें एखादें नवें साधन बाजारांतील जुन्या साधनासारखेंच आहे असें दाखविलें, तर बहुधा माणसांवरील नव्या चाचण्यांवांचूनही परवानगी मिळे. १९९६ मध्यें ‘प्रोटेजेन’ नांवाच्या एका झोळीला अशीच परवानगी मिळाली. जानेवारी १९९८ मध्यें उल्मस्टेनच्या पट्टीला जी परवानगी मिळाली, ती प्रोटेजेनशीं असलेल्या साम्याच्या आधारावर. वास्तविक दोहोंचें द्रव्य एक नव्हतें. पुढच्याच वर्षीं प्रोटेजेन योनीची त्वचा झिजवून बाहेर येतें म्हणून बाजारांतून परत घेण्यांत आलें. ज्याचा दाखला दिला तें साधन गेलें, दाखल्यावर आलेलें राहिलें! मग त्या पट्टीचा दाखला देऊन आणखी पट्ट्या आल्या.

ही पट्टी अंगांत रुजावी म्हणूनच तिला छिद्रें ठेवलेलीं असतात. त्यांतून मांस वाढून ती जखडली जाते. कोणास दुखूं लागलें आणि ती काढावयाची झाली, तर भिंतींत मुळें शिरलेला पिंपळ उपटण्यासारखी गत होते. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००६ ते २०१५ या काळांत पट्टी बसविलेल्या ९५,०५७ स्त्रियांचा हिशेब झाला; नऊ वर्षांत सुमारें ३.३ टक्के जणींची पट्टी सर्व किंवा अंशतः काढावी लागली. आंकडा लहान दिसतो. पण ज्या दुखणें घेऊन घरीं बसल्या किंवा ज्यांना ‘हें वयाचें आहे, मनाचें आहे’ म्हणून वाटेस लावलें, त्यांची गणती त्यांत कशी व्हावी?

त्या स्त्रिया अखेर एकमेकींस भेटल्या आणि बोलूं लागल्या. त्यांच्या अर्जावरून स्कॉटलंडच्या आरोग्यमंत्र्यानें २०१४ मध्यें रुग्णालयांना ही पट्टी थांबविण्यास सांगितलें. जुलै २०१८ मध्यें इंग्लंडांतही ती स्थगित झाली. एप्रिल २०१९ मध्यें अमेरिकेनें अवयव खालीं सरकल्यावर योनिमार्गानें बसविण्याच्या मोठ्या जाळीची विक्री बंद केली. बोटभर पट्टी मात्र तेथें चालूच राहिली. जुलै २०२० मध्यें बॅरोनेस कम्बरलेज यांच्या चौकशीचा अहवाल आला. स्त्रियांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या नाहींत असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. आणि किती जणींच्या अंगांत जाळी बसविली, याची पुरी नोंदही देशांत नव्हती. किराणा दुकानदार विकलेल्या साबणाच्या वडीचीही नोंद ठेवतो.

इंग्लंडांतील २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणें आधीं निदान तीन महिने देखरेखीखालीं केगेलचा व्यायाम द्यावयाचा. शस्त्रक्रियेवांचून भागत नसेल, तर धोके लिहून समजावून स्त्रीला निवड करूं द्यावयाची. आणि त्या निवडींत देहाच्याच आवरणाची जुनी झोळीही आहे.