विद्येचे ऋण आणि संगणक

विद्येने समाजाचे ऋण फेडावे, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु ते अभ्यासक्रमात कसे बसवावे, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, पर्ड्यू विद्यापीठातील एडवर्ड कॉयल व लीह जेमिसन या प्राध्यापकांनी १९९५ साली ‘एपिक्स’ हा उपक्रम सुरू करून त्याचे एक उत्तर दिले.

विद्यार्थ्यांच्या एका पथकाने बेघरांसाठी झटणाऱ्या स्थानिक संस्थांकरिता संगणकीय नोंदव्यवस्था रचण्याचे काम हाती घेतले. नोंदी संस्थांना परस्परांत वापरता याव्यात, पण आश्रितांची गोपनीयता भंगू नये, असा तो पेच होता.

सत्र संपले की विद्यार्थी जातो. संस्थेची गरज मात्र उरते. अर्धवट राहिलेली आज्ञावली हे मोडलेले वचनच होय. म्हणून पथक वर्षानुवर्षे टिकावे, नवख्याने ज्येष्ठांच्या हाताखाली शिकून पुढे धुरा घ्यावी आणि या कामाला श्रेयांक मिळावेत, अशी योजना झाली. २००५ साली या कार्यास राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे गॉर्डन पारितोषिक लाभले.

उत्तरपत्रिकेतील चुकीने गुण जातात; येथील चूक एखाद्या निराधाराला भोवते. ही जाणीव होणे, हेच शिक्षण.