मॉल यायच्या आधीच बंद झालेली दुकानं

आमची लालबागची चाळ लवकरच रिकामी होणार आहे. पुनर्विकास. गेल्या रविवारी त्याचीच मीटिंग होती. ट्रान्झिट, भाडं, करारनामा हे सगळं बोलून झाल्यावर चहा आला आणि मंडळी नेहमीप्रमाणे जुन्या गोष्टींवर घसरली. कुणीतरी म्हणालं, चला, नाक्यापासून मोजूया, काय काय होतं. आणि मोजणी सुरू झाली. नाक्यावर इराणी. त्याला लागून तासावर सायकली देणारा. मग वाणी, पिठाची गिरणी, कोळशाची वखार, कटपीसवाला, लॉन्ड्री, सलून. वरच्या माळ्यांवर दोन खानावळी. गल्लीच्या टोकाला गुत्ता. गुत्त्याचं नाव निघाल्यावर म्हातारे हसले आणि म्हाताऱ्या गप्प बसल्या.

मोजून झाल्यावर आमच्यातला एक तरुण मुलगा म्हणाला, "सगळं मॉलनी खाल्लं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. हे वाक्य गेली वीस वर्षं मी स्वतः दहा ठिकाणी म्हटलेलं आहे.

तेवढ्यात कोपऱ्यातून काकी म्हणाल्या, "अरे, तेव्हा मॉल खंय होतो? वाणी त्र्याऐंशीतच गेलो."

काकींची वरच्या माळ्यावर खानावळ होती. त्या बोलल्या म्हणून आम्ही परत मोजायला बसलो, आणि या वेळी प्रत्येक दुकानासमोर अंदाजे साल टाकलं. वखार गॅस आल्यावर गेली, ती वेगळी. सायकलवालाही वेगळा. पण वाणी, कटपीसवाला, दोन्ही खानावळी, लॉन्ड्री हे सगळे १९८२ ते १९८५ या तीन-चार वर्षांत गेलेले निघाले. फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अॅली आणि मग दुकानं आली ती नव्वदीच्या अखेरीस. म्हणजे मधे जवळजवळ पंधरा वर्षं जातात. ज्याच्यावर आपण खुनाचा आरोप ठेवतोय, तो त्या वेळी जन्मालाच आला नव्हता!

मग ही दुकानं मारली कुणी? त्यासाठी ती चालत कशी होती ते बघायला पाहिजे.

गिरणगावातला सगळा व्यवहार पगाराच्या तारखेभोवती फिरायचा. दहा तारखेच्या आसपास पगार. त्या दिवशी गेटबाहेर व्याजाचे पठाण उभे, बायको उभी, खानावळवालीचा पोरगा उभा. बाकीचे तीन आठवडे सगळं वहीवर. वाण्याकडे प्रत्येक घराचं खातं. उधारीवाल्याचा भाव वेगळा, रोखीवाल्याचा वेगळा, आणि हे दोघांनाही माहीत असायचं. आज आपण "वाणी किती चांगला होता, कधी नाही म्हणाला नाही" असं म्हणतो, ते अर्धं खरं आहे. तो नाही म्हणायचा नाही कारण उधारी हाच त्याचा धंदा होता. धान्य हे निमित्त.

खानावळीचं त्याहून पुढचं. कोकणातून, साताऱ्या-सांगलीहून आलेला गडी बायकामुलं गावी ठेवून यायचा. गाववाल्यांच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीनं झोपायचे, कारण एक पाळी कामावर असायची. जेवायचं खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई स्टोव्ह नाहीतर शेगडी पेटवून वीस माणसांना दोन वेळ जेवू घालायची. तिचे पैसे दहा तारखेला. तोवर तांदूळ-डाळ ती वाण्याकडून उधार आणायची, व्याजासकट. म्हणजे कामगार खानावळवालीला देणं लागतो, खानावळवाली वाण्याला, वाणी घाऊक बाजाराला. या साखळीच्या एका टोकाला गिरणीचा कॅशियर. त्यानं खिडकी उघडली की सगळी गल्ली श्वास घ्यायची.

या बायकांना व्याजातून सोडवायचं काम प्रेमा पुरव यांनी हातात घेतलं. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्यांच्याकडे तारण म्हणून दाखवायला एक पातेलं होतं, अशा बायकांना बँकेनं कर्ज दिलं आणि त्यांनी ते फेडलं. गिरणगावाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं खूप येतात. हे नाव त्यांच्या बरोबरीनं यायला हवं.

आता संपाचा विषय. १९८२ चा संप हा काही पहिला मोठा संप नव्हता. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने जवळजवळ दीड लाख कामगार बाहेर होते. तेव्हा ना बचत, ना संपनिधी म्हणावा असा काही. मग सहा महिने लोक जगले कसे? बरेच गावी गेले. जे राहिले ते वाण्याच्या वहीवर राहिले. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावावर मोठं काम केलं आहे, त्यात वस्तीतल्या दुकानदारांचं, घरमालकांचं, तालमींचं संपातलं स्थान नीट मांडलंय. वाणी कामगाराच्या बाजूचा होता म्हणून उधार देत होता असं नाही. संप कधीतरी मिटणार, पगार परत सुरू होणार, आणि आत्ता हात आखडला तर गिऱ्हाईक आणि मागची बाकी दोन्ही जाणार, असा हिशोब होता. गिऱ्हाईकं सगळी एकाच गल्लीत राहणारी, त्यामुळे दबावही होताच. थोडक्यात, संप करायची ताकद थोडीफार त्या लाल वहीत होती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. वाण्यानं जुनाच हिशोब केला. पहिले काही महिने वही चालू राहिली. काकी सांगतात, त्यांनी मे महिन्यापर्यंत माणसं जेवायला ठेवली, एक पैसा न घेता. मग माणसंच गावी गेली. खेड्यांतून धान्य आलं, युनियनतर्फे वाटप झालं, पण दुकान चालायला फुकटचं धान्य उपयोगाचं नसतं, उलट नडतंच.

हिशोब चुकला तो इथे. १९२८ साली मालकाला गिरणी चालवायची होती. १९८२ साली बऱ्याच मालकांना घाई नव्हती. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर निघत होतं, आणि गिरणीच्या इमारतीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग होत चालली होती. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, पण लाखभर माणसं परत घेतलीच गेली नाहीत. त्यांची वाण्याकडची बाकी तशीच राहिली. आमच्या घराचीसुद्धा राहिली. वडील शेवटपर्यंत त्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथवरनं जायचे. दुकान बंद होऊन तिथे दुसरंच काहीतरी आलं, तरी.

इराणी मात्र टिकला. नव्वदच्या पुढेपर्यंत होता. कारण साधं आहे, तो रोखीवर चालायचा. पानी कम चाय, ब्रून मस्का, पैसे टेबलावर. माणूस बेकार असला तरी चहाला पैसे असतात, किंबहुना बेकार माणूसच जास्त वेळ बसतो. आणि जुन्या भाडे कायद्यामुळे भाडं नाममात्र. संगमरवरी टेबलं, मागं मोठे आरसे, गल्ल्यावर म्हातारा. पुढे मुलांना धंदा नको होता, भागीदारांचं पटेना, आणि कोपऱ्यावरच्या जागेला पागडी चांगली येत होती. तिथे आधी बिअर बार आला, आता बँकेचं एटीएम आहे. इराण्याबद्दल आमच्या मीटिंगमध्ये अर्धा तास बोलणं झालं. आठवणी लिहिणारेही इराण्यावरच लिहितात. माझ्या लक्षात आलं की इराण्याबद्दल बोलणारे सगळे पुरुष होते. बायका इराण्याकडे बसल्याच नाहीत फारशा. त्यांना आठवतो तो वाणी, रॉकेलची रांग आणि मंगळसूत्र गहाण ठेवायला जायचं ते दुकान. अजून एक गोष्ट बोलली गेली पाहिजे. खानावळी जातीच्या, गावाच्या होत्या, कुणी कुठे जेवायचं हे ठरलेलं होतं. गिरणीतसुद्धा साच्याखात्यात दलितांना घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात तो प्रश्न उघड मांडला होता. "सगळे एकत्र, गुण्यागोविंदानं" असं जे आपण लिहितो ते इराण्याच्या टेबलापुरतं बरंचसं खरं असेल, खानावळीच्या पंगतीला नाही.

गुत्त्याचंही थोडं सांगतो, कारण आज या भागाची ओळख पबवरून होते. १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा दारू वस्तीच्या पोटात शिरली. हातभट्टी, ट्यूबमधून येणारी. पुढे बंदी सैल झाली, देशीला परवाने मिळाले, आणि "परमिट रूम" हा शब्द कायमचा राहिला. कायदा आजही आहे, पिण्यासाठी परमिट आजही लागतं, कितीजणांकडे असतं ते विचारू नका. संपाच्या काळात गल्लीतलं एक दुकान जोरात चाललं असेल तर ते गुत्त्याचं. म्हाताऱ्या गप्प का बसल्या ते एवढ्यावरून कळावं.

आणि मग जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू ठरली. गिरण्यांत रिकामी जमीन असते किती? सगळीकडे शेड. हायकोर्टानं २००५ मध्ये वेगळा निकाल दिला होता, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दुरुस्ती ग्राह्य धरली. मॉल, टॉवर, कॉर्पोरेट पार्क, रेस्टॉरंट हे खरं यानंतर जोरात आलं. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत १४ जण गेले, तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की तिथे इतके पब आहेत.

मॉलनं काहीच बिघडवलं नाही असं मी म्हणत नाही. पण मॉल एका अशा वस्तीत आला जिथलं शटर आधीच खाली होतं. हा फरक बारीक वाटेल. मला वाटत नाही. "मॉलनं खाल्लं" म्हटलं की ती काळाची गोष्ट होते, फॅशनची, नव्या पिढीच्या आवडीची. मग कुणाला जाब विचारायचा प्रश्नच येत नाही. "पगार बंद झाला म्हणून दुकान बंद झालं" म्हटलं की पगार कुणी बंद केला, जमिनीचा नियम कुणी बदलला हे विचारावं लागतं.

टिकलं काय तेही बघा. लालबागची मसाल्याची दुकानं टिकली. एप्रिल-मे मध्ये अख्ख्या मुंबईतून बायका मिरच्या निवडायला येतात, डंकावर कुटून नेतात. चिवडा गल्ली टिकली. कारण त्यांचं गिऱ्हाईक गिरणीच्या पगारावर नव्हतं, बाहेरून येत होतं. आणि सगळ्यात गंमत म्हणजे लालबागचा राजा. आज जो देश-विदेशात माहीत आहे, तो मुळात दुकानांच्या जागेसाठी बसलेला गणपती आहे. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले. हक्काच्या जागेसाठी त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. "नवसाला पावणारा" म्हणतो आपण, तो नवस मंडईच्या गाळ्यांचा होता. रांगेत उभ्या राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आमच्या नव्या इमारतीच्या नकाशात खाली दुकानं आहेत. सध्या चाळीखाली चार दुकानं उरलीत. मेडिकल, मोबाइल रिपेअर, एक टेलर आणि एक भाजीवाली, जिचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पहिल्या तिघांकडे भाडेपावती आहे. भाजीवालीकडे काही नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये तिचा विषय निघाला नाही. मी आता लेखी दिलाय, पुढच्या मीटिंगला घ्यावा म्हणून.

एक विनंती. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखती घेऊन गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली पुस्तकात आणला, म्हणून निदान तेवढं तरी उरलं. पण दुकानांच्या वह्या कुणी जमवल्या नाहीत. ज्यांच्या घरी वाण्याची, खानावळीची, लॉन्ड्रीची जुनी वही असेल त्यांनी घर रिकामं करताना ती रद्दीत घालू नका. निदान पानांचे फोटो काढून ठेवा.

काकींची वही मी पाहिली. शंभर पानी, वर देवीचं चित्र. शेवटच्या लिहिलेल्या पानावर १९ नावं आहेत, प्रत्येकापुढे गावाचं नाव, आणि पुढे दोन्ही वेळच्या जेवणाच्या रेघा. रेघा मे १९८२ मध्ये थांबतात. पैसे आले तिथे काकी गोल करायच्या. पुढच्या काही वर्षांत सात जण येऊन पैसे देऊन गेले. सात गोल आहेत.