सुरीची माफी

बकऱ्याच्या मानेवर सुरी कशी चालवावी, याचे नियम जगातल्या अनेक धर्मांनी आणि सरकारांनी बारकाईने लिहून ठेवले आहेत. मासा आला की हे सगळे लिहिणारे हात आखडतात. तो पाण्याबाहेर काढला की आपोआप मरतो, मग त्याला मारायचं काय, असा हा सर्वसाधारण हिशेब.

माझ्या परंपरेपुरतं बोलायचं तर इस्लाममध्ये मासा आणि टोळ या दोन जीवांना जिबह करावं लागत नाही. समुद्राची शिकार सरळ हलाल. बारीकसारीक मतभेद आहेत. पाण्यावर आपोआप मरून तरंगणारा मासा हनफी मंडळी खात नाहीत. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आमच्याकडे समुद्राचा दरवाजा सताड उघडा. देशावरचे आमचे हनफी पाहुणे चिंबोऱ्यांचं कालवण बघून हात मागे घेतात आणि आमचा वाटा वाढतो! या माफीचं कारण घरातल्या म्हाताऱ्या बाया गोष्टीत सांगत. हजरत इब्राहिमनी मुलाच्या जागी दुंबा कुर्बान केला आणि सुरी भिरकावून दिली. ती जाऊन माशाला लागली. माशाचे कल्ले म्हणजे त्या सुरीची खूण, त्याचं जिबह तेव्हाच होऊन गेलं. ही लोककथा आहे, शास्त्र नव्हे. पण सुरीला नीट धार लावा, जनावराला विनाकारण यातना देऊ नका, ही शिकवण हदीसमध्ये आहे. सुरीच नाही म्हटल्यावर या शिकवणीतून मासा आपसूक निसटला.

प्रत्यक्षात काय होतं? पाण्यात कल्ल्यांचे पदर सुटे असतात. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू भोवती असूनही मासा गुदमरतो. ब्रिटनमध्ये १९९१ साली ट्राउट माशांवर यासंबंधी मोजमाप प्रसिद्ध झालं. २० अंश तापमानाला हवेत काढलेल्या माशाच्या मेंदूचा प्रतिसाद अडीच मिनिटांच्या आसपास थांबला. दोन अंशांना, म्हणजे बर्फावर, त्याला नऊ मिनिटांहून जास्त लागली. बर्फाने मासा पटकन शांत होतो असं आपल्याला वाटतं, कारण त्याची तडफड कमी दिसते. प्रत्यक्षात थंडीने शरीराचा कारभार मंदावतो आणि मरण लांबतं.

या मरणाकडे सगळ्यात बारकाईने पाहिलं ते जपानी कोळ्यांनी. आणि दयेपोटी नव्हे, चवीपोटी. ‘ताई’ हा त्यांचा मानाचा मासा. लग्नकार्याच्या ताटात तो हवाच. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, आजच्या टोकियोत शोगूनच्या किल्ल्यावर ताई पोचवावा लागे. त्यासाठी मासे पाण्यात जिवंत राखण्याची आणि ऐन वेळी मारण्याची कला वाढली. ‘इकेजिमे’ हा शब्द त्यातलाच: जिवंत राखून मारणं. ह्योगो प्रांतातलं आकाशी बंदर आजही यासाठी नावाजलेलं आहे. तिथल्या सामुद्रधुनीला प्रचंड ओढ असते, आणि त्या प्रवाहात पोसलेल्या ताईला बाजारात भाव मिळतो.

कृती अशी. डोळ्याच्या जरा मागे, वरच्या अंगाला, टोकदार हत्यार एका झटक्यात मेंदूत खुपसायचं. मासा क्षणभर ताठतो, पर ताणतो, तोंड उघडतो आणि सैल पडतो. मग कल्ल्याजवळ आणि शेपटीशी छेद देऊन रक्त वाहू द्यायचं. पुढे मणक्यातून बारीक तार घालून मज्जारज्जू निकामी करायचा. याला ‘शिंकेइजिमे’ म्हणतात. तार फिरते तेव्हा मेलेल्या माशाच्या अंगातून लाट जावी तशी थरथर जाते. बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं. त्या वेळी मासा मात्र काही जाणण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

यामागचं रसायन पुढे उलगडलं. तडफडणारा मासा स्नायूंतली ऊर्जा, म्हणजे एटीपी नावाचं द्रव्य, मरता मरता उधळून टाकतो. स्नायूंत आम्ल साठतं, अंग लवकर ताठरतं, मांस मऊ पडतं. एका फटक्यात मेलेल्या माशात हे द्रव्य शिल्लक राहतं आणि त्याचं हळूहळू इनोसिनिक आम्ल होतं. कुप्याच्या जातीच्या सुकवलेल्या माशातल्या चवीचं मूळ हे आम्ल आहे, असं शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली दाखवलं होतं. एटीपीच्या याच विघटनावरून मासा किती ताजा आहे हे आकड्यात सांगायची पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली. थोडक्यात, यातना जिभेवर उतरते. मला हे वाचून बरं वाटलं आणि नाहीही. जिभेच्या लोभाने केलेली दया माशाच्या दृष्टीने दयाच ठरते, पण चव बिघडत नसती तर तिथेही कुणी हत्यार उचललं असतं का?

इंग्लंडमधले गळकरी माशाच्या डोक्यात मारायला एक आखूड दांडकं बाळगतात. त्याचं नाव ‘प्रीस्ट’, म्हणजे पाद्री, कारण ते माशाचे अंत्यविधी उरकतं. त्याच देशात १८७६ च्या कायद्याने प्रयोगशाळेतल्या जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवान्याची अट घातली आणि त्यात कणा असलेला प्रत्येक प्राणी, म्हणून मासाही, आला. प्रयोगाच्या टेबलावर माशाला कायदा होता, होडीत नव्हता.

माशाला मुळात वेदना होते का, हा वाद तर अजून मिटलेला नाही. एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेतल्या लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि व्हिनेगरमधलं आम्ल टोचून पाहिलं. माशांचा श्वास वाढला, त्यांनी काही तास अन्न टाकलं, आणि आम्ल टोचलेल्यांपैकी काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. विरोधकांचं म्हणणं असं, की माणसाच्या मेंदूत असतो तसा बाह्य थर माशाला नाही, मग वेदनेची जाणीव कुठून येणार? मी शास्त्रज्ञ नाही. पण ओठ दगडावर घासणाऱ्या जिवाला संशयाचा फायदा द्यावा, असं माझं मत झालं.

कायदे त्यानंतर हळूहळू हलले. थोडी सुरुवात आधीची होती: वामीसारखे लांबडे ईल मासे मिठात घालून मारायची जुनी रीत जर्मनीने १९९९ पासून बंद केली. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांनी खाण्यासाठी पकडलेला मासा तिथल्या तिथे मारणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत इतर जनावरांसाठी पानंच्या पानं आहेत. माशाच्या वाट्याला टाळता येण्याजोगी यातना टाळा, एवढंच सर्वसाधारण कलम आलं. अमेरिकेच्या १९५८ च्या कत्तलीविषयक कायद्यात तर मासा नाहीच.

आपला १९६० चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा शब्दांत फार उदार आहे. माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी, अशी त्याची व्याख्या. खाण्यासाठी मारायला तो आडकाठी करत नाही, अनावश्यक यातना मात्र नको म्हणतो. हा कायदा घेऊन मरळ विकणाऱ्याच्या टबाशी उभं राहून बघा. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती पाण्याबाहेर लवकर मरत नाही, आणि जिवंत म्हणूनच तिला भाव असतो. हाताला सुटू नये म्हणून तिला राख चोळतात. सवयीचा विक्रेता डोक्यावर एकच नेमका घाव घालतो आणि काम संपतं. घाईतला तसाच सोलायला घेतो. दोघांत फरक दांडक्याचा आणि एका क्षणाचा.

मरळीचं हे जमेल, सुरमईचंही जमेल, कारण ती मोठी आणि महाग. बांगड्याचं काय? हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावाला बांगड्याचे ढीग पडतात, त्यातल्या एकेकाच्या डोक्यात टोचत कोण बसणार? नॉर्वेत पोसलेले सामन मासे कापण्यापूर्वी विजेने किंवा यंत्राच्या ठोशाने बेशुद्ध करतात, पण तो कारखान्यातला मासा, एकामागून एक येणारा. जाळ्यात एकदम आलेल्या हजारोंसाठी, आपल्या खलाशाला परवडेल असं साधन अजून किनाऱ्यावर पोचलेलं नाही. तोवर तो वर बर्फ ओततो, आणि गिऱ्हाईक कल्ला उचलून लाली बघतं.